खाण तशी माती? हिंसेबद्दल जीवशास्त्र काय सांगतं आणि काय सांगत नाही

१९७८ साली नेदरलँड्समधल्या नायमेगेन शहरात विद्यापीठाच्या इस्पितळात एक बाई आल्या. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. माहेरच्या पुरुषांमध्ये काहीतरी पिढीजात आहे, ते आपल्या पोटच्या मुलात उतरेल का? शंका त्या घराला नवी नव्हती. घरातल्याच एका वडीलधाऱ्यानं १९६२ साली सगळ्या नातेवाइकांची माहिती जमवून वंशावळ मांडली होती आणि 'तसले' नऊ पुरुष तिच्यात नोंदवून ठेवले होते. तसले म्हणजे कसले? एकानं तो ज्या संस्थेत दाखल होता तिथल्या वॉर्डनच्या छातीत दाताळं खुपसलं होतं. एकाला कामावरून बोलणी बसली, तर त्यानं साहेबाच्या अंगावर गाडी घालायचा प्रयत्न केला. एकजण रात्री चाकू घेऊन बहिणींच्या खोलीत शिरायचा आणि त्यांना कपडे उतरवायला लावायचा. दोघांना आगी लावायची खोड. सगळ्यांची बुद्धी जरा कमी आणि राग मात्र कुठल्याही फुटकळ कारणावरून उसळणारा. घरातल्या बायकांना यातलं काहीच नव्हतं.

हान ब्रुनर नावाच्या जनुकतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या घराचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. १९९३ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी दोषी जनुकाचं नाव छापलं: एमएओए, म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज ए.

मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन अशा रसायनांमार्फत एकमेकींना निरोप देतात. निरोप पोचला की ते रसायन मोडून टाकावं लागतं, नाहीतर ते साचत जातं. हे मोडण्याचं काम जी एन्झाइम्स करतात त्यांतलं एक या जनुकावरून तयार होतं. नायमेगेनच्या कुटुंबात जनुकातलं एकच अक्षर बदललं होतं, पण अशा जागी की एन्झाइम अर्ध्यावरच तुटायचं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा निभावून नेतो. पुरुषाकडे एकच. बायका ठणठणीत आणि त्यांचे भाऊ बेफाम, हे कोडं असं सुटलं.

वर्तमानपत्रांना 'आक्रमकतेचं जनुक' सापडलं. ब्रुनर स्वतः सांगत राहिला की असं एखादं जनुक असणं शक्य नाही; एक एन्झाइम बंद पडलं की मेंदूतली बरीच कामं बिघडतात, राग हा त्यातला एक भाग. शिवाय हा बिघाड इतका विरळ आहे की त्यानंतर जगभरात अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं सापडली. पण बातमीला त्याचं काय?

या विषयात माझ्या मते सगळी गोम प्रश्न कसा विचारता यावर आहे. 'हिंसक माणूस कोण?' असं जीवशास्त्राला विचारलं की दीडशे वर्षांत दर वेळी उत्तर फसलं आहे आणि त्याची किंमत भलत्यांनी मोजली आहे. 'हिंसा केव्हा होते?' असं विचारलं, की तेच शास्त्र फार कामाचं बोलतं.

एमएओएच्याच गोष्टीत हे दिसतं. हे जनुक साफ बंद पडणं दुर्मीळ असलं, तरी त्याचा वेग सगळ्यांत सारखा नसतो. काहींमध्ये ते जोमानं चालतं, काहींमध्ये मंद. मंद प्रकार बिलकूल दुर्मीळ नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो तिघांमागे एकाकडे तरी असतोच. आता न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात चला. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा पाठपुरावा संशोधक त्यांच्या लहानपणापासून करत आले आहेत. २००२ साली ॲव्हशलोम कॅस्पी आणि टेरी मॉफिट यांनी त्यातल्या ४४२ मुलग्यांची जनुकं तपासली आणि त्यांचं बालपण कसं गेलं याच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. काहींना लहानपणी बेदम मार बसला होता, काहींचं लैंगिक शोषण झालं होतं, काहींना आईनं झिडकारलं होतं.

नुसतं जनुक पाहिलं तर मंदवाले आणि वेगवाले यांच्यात सांगण्यासारखा फरकच नव्हता. ज्यांचं बालपण बरं गेलं, त्यांच्यात मंद एमएओए असलेला मुलगाही चारचौघांसारखाच मोठा झाला. पण मंद जनुक आणि छळाचं बालपण एकत्र आलं की चित्र पालटत होतं. असे मुलगे एकूण गटात जेमतेम १२ टक्के. हिंसक गुन्ह्यांतल्या शिक्षांपैकी ४४ टक्के मात्र त्यांच्या नावावर. तितकाच छळ सोसलेली, पण वेगवान जनुकाची मुलं तुलनेनं सावरलेली होती.

हा निष्कर्ष पुढे काही अभ्यासांत पुन्हा मिळाला, काहींत नाही. २०१४ साली सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पुरुषांपुरता तो टिकला, पण त्याचा जोर पहिल्या निष्कर्षाइतका राहिला नाही. हल्ली जनुकतज्ज्ञ एका जनुकावर एवढा भार टाकायला कचरतात, आणि ते बरोबरच आहे. वर्तनावर परिणाम करणारी जनुकं शेकड्या-हजारांनी असतात आणि एकेकाचा वाटा चिमूटभर.

जुळ्यांच्या अभ्यासांतून येणारा एक आकडाही सारखा वाचनात येतो: समाजविघातक वर्तन 'सुमारे निम्मं आनुवंशिक' असतं. याचा अर्थ एखाद्या गुन्हेगाराचा अर्धा गुन्हा रक्तातून आला आणि अर्धा मोहल्ल्यातून, असा होत नाही. एकाच पोत्यातलं ज्वारीचं बियाणं अर्धं बागायतीत पेरलं आणि अर्धं माळावर. माळावरच्या रानात एक ताट दुसऱ्यापेक्षा उंच का, याचं उत्तर बियाण्यात सापडेल, कारण जमीन सगळ्यांना सारखीच. पण अख्खं माळरान बागायतीपेक्षा खुरटलेलं का, याचं उत्तर बियाण्यात शोधायला गेलात तर फसलात. 'निम्मं आनुवंशिक' हा आकडा एका रानातल्या फरकांबद्दल असतो. दोन रानांची तुलना करायला तो वापरता येत नाही, आणि नेमका तसाच तो वापरला जातो.

२००६ साली हेच घडलं. न्यूझीलंडच्या एका संशोधकानं ऑस्ट्रेलियातल्या परिषदेत सांगितलं की माओरी पुरुषांत मंद एमएओएचं प्रमाण जास्त आहे. पत्रकारांनी या जनुकाला आधीच 'लढवय्या जनुक' असं नाव दिलेलं होतं. झालं! माओरींमधली मारझोड, व्यसनं, तुरुंगातली त्यांची गर्दी, सगळ्याचा उलगडा झाल्याच्या थाटात बातम्या आल्या. मुळात नमुना अगदी छोटा. त्याहून मोठी गंमत अशी, की हाच मंद प्रकार चिनी पुरुषांत माओरींपेक्षाही जास्त आढळतो, पण चिन्यांना लढवय्या म्हणायला कुणी पुढे आलं नाही. जमिनी गेल्या, भाषा गेली, पिढ्याच्या पिढ्या हलाखीत गेल्या, ही कारणं समोर असताना एका एन्झाइमवर बोट ठेवणं सोयीचं असतं. त्यात कुणालाच काही करावं लागत नाही.

न्यायालयांतही हे जनुक पोचलं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २००९ च्या एका खटल्यात आरोपीनं बायकोच्या मैत्रिणीचा खून केला होता आणि बायकोवरही जीवघेणा हल्ला केला होता. बचाव पक्षानं त्याचं मंद एमएओए आणि मारहाणीचं बालपण पुढे केलं. ज्युरीनं त्याला पूर्वनियोजित खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाच्या जातीच्या गुन्ह्यासाठी दोषी धरलं आणि फाशी टळली. त्याच वर्षी इटलीत त्रिएस्तेच्या अपील न्यायालयानं असाच युक्तिवाद काही अंशी मानून एका खुन्याची शिक्षा वर्षभरानं कमी केली. मला हा युक्तिवाद दुधारी वाटतो. 'त्याच्या मेंदूची घडणच अशी' म्हणून आज शिक्षा कमी मागाल, तर उद्या सरकारी वकील त्याच अहवालावर उभा राहून म्हणेल, मग याला कधीच बाहेर सोडू नका.

'कोण?' या प्रश्नाचा जुना इतिहास आपल्या दारातून गेला आहे. चेझारे लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरला कालाब्रियातल्या विलेल्ला नावाच्या मृत कैद्याच्या कवटीत मागच्या बाजूला एक खोलगट जागा दिसली. माणसात ती सहसा नसते, काही माकडांत असते. तेवढ्यावरून त्यानं निष्कर्ष काढला की जन्मजात गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे घसरलेला माणूस. मोठा जबडा, लांब हात, बाहेर आलेले कान यांवरून तो ओळखता येतो. १८७६ साली त्याचं पुस्तक आलं आणि युरोपभर गाजलं. पण त्याच्या पाच वर्षं आधीच, कवट्या-बिवट्या न मोजता, इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात तोच निष्कर्ष कायद्यात उतरवला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचं तर्कशास्त्र असं: इथे विणकराचा मुलगा विणकर होतो आणि सुताराचा सुतार, तेव्हा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. जातिव्यवस्थेकडे पाहून केलेलं हे आनुवंशशास्त्र!

१९११ नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही पोचला. पारधी, कैकाडी, भामटे, बेरड अशा जमातींच्या माथी शिक्का बसला. गाव सोडायचं तर परवानगी, रोजची हजेरी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. त्या कुंपणात जन्मलेलं मूल पहिला श्वास घेतानाच संशयित असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्यानं पुसला गेला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. कागदावरून पुसला, एवढंच. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते.

विज्ञानानंही यातून फार धडा घेतला नाही. १९६५ साली स्कॉटलंडमधल्या कारस्टेअर्सच्या सुरक्षा रुग्णालयात १९७ पुरुषांची गुणसूत्रं तपासली, तेव्हा सात जणांत वाय हे पुरुषाचं गुणसूत्र एक जादा निघालं. एरवी हे प्रमाण हजारात एखादं. लगेच 'दोन वाय म्हणजे दुप्पट पुरुष, दुप्पट हिंसक' अशी कल्पना रूढ झाली. शिकागोत आठ नर्सिंग विद्यार्थिनींचा खून करणाऱ्या माणसाकडेही जादा वाय असल्याचं छापून आलं. तपासलं तर त्याची गुणसूत्रं अगदी नेहमीची होती. शेवटी १९७६ साली डेन्मार्कमधल्या चार हजारांवर उंच पुरुषांच्या तपासणीतून असे बारा जण सापडले. त्यांच्या नावावर गुन्हे थोडे जास्त होते, पण बहुतेक भुरट्या चोरीच्या जातीचे, हिंसेचे नव्हेत. दरम्यान बॉस्टनमध्ये नवजात मुलांची हीच तपासणी चालू होती आणि आईबापांना 'तुमच्या बाळाकडे एक वाय जादा आहे' असं सांगितलं जात होतं. पाळण्यातल्या पोराकडे आईबाप त्यानंतर कसे बघत असतील? टीका झाल्यावर १९७५ मध्ये ते बंद झालं.

उत्क्रांतीच्या अभ्यासकांचा प्रश्न बहुधा दुसऱ्या जातीचा असतो: कुठल्या परिस्थितीत मारणं एखाद्या प्राण्याच्या फायद्याचं ठरलं असेल? याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोल्हापूर-बेळगावच्या पलीकडचंच आहे. १९६२ साली धारवाडजवळच्या जंगलात युकिमारू सुगियामा हा जपानी संशोधक वानरांच्या टोळ्यांमागे फिरत होता. आपल्या देवळांच्या आवारात दिसतात तीच काळ्या तोंडाची वानरं. टोळीत बऱ्याच माद्या, पिल्लं आणि सहसा एकच मोठा हुप्प्या. बाकीचे नर बाहेर टोळकं करून हिंडत असतात. अशा एका टोळक्यानं हल्ला चढवून हुप्प्याला हाकलला, त्यांच्यातल्या एकानं इतरांनाही पळवून लावलं आणि टोळी ताब्यात घेतली. त्यानंतर टोळीतली तान्ही पिल्लं एकेक करून चाव्यांनी मारली गेली.

पहिल्यांदा वाटलं, ही विकृती असावी. दाटी झाली, माणसांचा त्रास वाढला की जनावरं बिथरतात. १९७० च्या दशकात सारा हर्डी ही अमेरिकन संशोधक अबूच्या पहाडावर हीच वानरं पाहत होती. तिनं हिशेब मांडला. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी माजावर येत नाही. नव्या हुप्प्याची सत्ता सरासरी दोन-सव्वादोन वर्षं टिकते, मग त्याचीही पाळी येते. दुसऱ्याचं पिल्लू मोठं होण्याची वाट पाहत बसला, तर याची स्वतःची पिल्लं सांभाळायला तो टोळीत उरणारच नाही. दुसऱ्याचं पिल्लू मारणाऱ्या नराची पिल्लं जास्त जगली आणि ती वृत्ती पुढच्या पिढीत गेली. माद्याही काही मुकाट बसत नाहीत. त्या मिळून हुप्प्यावर धावून जातात. आधीच गाभण असलेली मादीसुद्धा माजावर आल्यासारखं दाखवून नव्या नराशी संग करते, म्हणजे होणारं पिल्लू त्याला आपलं वाटावं.

यातून 'नर वानर हिंसक असतो' एवढाच धडा घेतला तर सगळं वाया गेलं. तोच हुप्प्या स्वतःच्या पिल्लांसाठी परक्या नरांशी जिवावर उदार होऊन लढतो. त्याच्या जनुकांत 'मार' अशी आज्ञा लिहिलेली नाही. लिहिलं असेलच तर 'असं असेल तर असं, तसं असेल तर तसं'. आणि हो, हे नैसर्गिक आहे म्हणजे माणसांत चालेल, असं कुणाच्या मनात येत असेल तर देवीचे रोगजंतूही नैसर्गिकच होते.

आपल्या आणखी जवळच्या नात्यात चिंपांझी येतात. टांझानियातल्या गोम्बे जंगलात जेन गुडॉल ज्यांचा अभ्यास करत होती, त्या टोळीची १९७०च्या सुमारास दोन टोळ्यांत फाळणी झाली. ७ जानेवारी १९७४ रोजी कासाकेला टोळीतले नर गुपचूप कहामा टोळीच्या हद्दीत गेले. तिथे गोडी नावाचा नर एकटाच खात बसला होता. तो पळाला, पण हम्फ्री नावाच्या नरानं त्याचा पाय पकडून त्याला पाडलं आणि त्याच्या डोक्यावरच बसकण मारली. बाकीचे दहाएक मिनिटं त्याला मारत आणि चावत राहिले. हिलाली मातामा हा गुडॉलचा स्थानिक सहकारी हे डोळ्यांनी पाहत होता. गोडी पुन्हा कधी दिसला नाही. पुढच्या चार वर्षांत कहामाचे सगळे नर संपले. कालपरवापर्यंत हे एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचत होते.

गुडॉल टोळीला केळी घालत असे, म्हणून ही हिंसा माणसानं घडवलेली, अशी टीका बरीच वर्षं झाली. २०१४ साली आफ्रिकेतल्या १८ चिंपांझी टोळ्यांच्या नोंदी एकत्र केल्यावर पाहिलेल्या, अनुमानलेल्या आणि संशयित मिळून १५२ हत्या निघाल्या, आणि माणसांच्या ढवळाढवळीशी त्यांचा मेळ लागला नाही. मेळ लागला तो नरांच्या संख्येशी आणि दाटीशी. त्याच अभ्यासात बोनोबो या दुसऱ्या वानराच्या चार टोळ्या होत्या; त्यांत संशयित हत्या फक्त एक. आणि बोनोबो आपल्याला चिंपांझीइतकाच जवळचा. नात्यावरून निकाल लावायला निघालात तर एका भावाकडे बोट दाखवेपर्यंत दुसरा समोर येतो.

मग माणूस कुठे बसतो? रिचर्ड रँगम या मानववंशशास्त्रज्ञाची मांडणी मला पटते. हिंसा दोन प्रकारची. एक गरम डोक्याची: अपमान झाला, धक्का लागला, हात उठला. दुसरी थंड डोक्याची: आखलेली, वाट पाहून केलेली, चारजण मिळून एकट्याला गाठणारी. मेंदूतही या दोघींच्या वाटा काहीशा वेगळ्या आहेत. टोळीतल्या टोळीत होणाऱ्या गरम डोक्याच्या मारामाऱ्या चिंपांझींमध्ये माणसांपेक्षा शेकडो पटींनी जास्त असतात. त्या मानानं आपण अगदी गरीब गाय. थंड डोक्याच्या हिंसेत मात्र आपण चिंपांझींच्या पंक्तीला बसतो. किंबहुना भाषेमुळे पुढेच. कट करायला बोलता यावं लागतं.

गरम डोकं थंड कसं झालं? रँगमचा तर्क असा, की टोळीतल्या दांडगटाला बाकीच्यांनी संगनमत करून संपवलं, आणि हे हजारो पिढ्या चालत राहिलं. भडक डोक्याचे निवडून-निवडून बाद होत गेले. सायबेरियात नोवोसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेवनं १९५९ पासून कोल्ह्यांवर काहीसा असाच प्रयोग केला. माणसाला पाहून न बिथरणारे कोल्हेच तेवढे पुढच्या पिढीसाठी निवडायचे. थोड्याच पिढ्यांत ते कुत्र्यासारखे शेपूट हलवायला लागले. मूळ कोल्हे आधीच कॅनडातल्या फार्मवरून आलेले, अर्धवट सरावलेले होते, असा आक्षेप अलीकडे निघाला आहे आणि तो गंभीर आहे. निवडीनं स्वभाव पालटतो, हा मुद्दा त्यानं पुसला जात नाही. माणसाबद्दलचा रँगमचा तर्क मात्र अजून तर्कच आहे.

२०१६ साली स्पेनमधल्या संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या १०२४ प्रजातींमधल्या मृत्यूंच्या नोंदी जमवल्या. स्वजातीयाकडून मरण्याचं प्रमाण सरासरी हजारात तीन. माणसाच्या वंशवृक्षातल्या जागेवरून त्याचं मूळ प्रमाण शंभरात दोन असावं असा अंदाज निघाला, म्हणजे सरासरीच्या सहापट. या यादीत अव्वल कोण, तर टीव्हीवर गोजिरवाणं दिसणारं मीरकॅट. जवळपास पाचातलं एक स्वजातीयाच्या हातून मरतं.

पण हा आकडा फक्त सुरुवातीचा. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लाखामागे वीसहून जास्त खून होत असावेत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आज तिथे एकाच्या आसपास. एल साल्वादोरमध्ये २०१५ साली लाखामागे शंभरावर खून झाले, आणि आठ वर्षांत सरकारी आकडा तीनच्या खाली आला. किती माणसं तुरुंगात कोंबून तो आणला, यावर वाद आहेच. जपानमध्ये लाखामागे एकसुद्धा खून होत नाही. पंचवीस पिढ्यांत, आठ वर्षांत तर नाहीच नाही, कुणाची जनुकं इतकी बदलत नसतात.

बदलत नाही ती एक गोष्ट: खून करणारे कोण असतात याचा साचा. जगभरात खुनांतले सुमारे ९० टक्के आरोपी पुरुष, आणि त्यातही तरुण. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या कॅनडातल्या जोडीनं डेट्रॉइट शहरातल्या १९७२ च्या खुनांच्या पोलीस फायली वाचल्या. दरोडे, वारसाहक्क, बदला यांपेक्षा त्यांना जास्त दिसली ती क्षुल्लक भांडणं. बारमध्ये कुणी काही बोललं, बघणारे चारजण होते, माघार घेणं जमलं नाही. आपल्या वर्तमानपत्रातही 'रागानं बघितल्याच्या कारणावरून तरुणाचा खून' ही बातमी अधूनमधून असतेच. खुन्नस दिली, गाडीला कट मारला, वाढदिवसाच्या फलकावर फोटो नव्हता. डेली-विल्सन यांचं म्हणणं असं, की भांडण त्या नजरेचं नसतंच, पत राखण्याचं असतं. नोकरी नाही, जमीन नाही, लग्न जुळत नाही अशा तरुणाकडे गमावण्यासारखं थोडंच असतं, आणि 'याच्या नादी लागू नका' हा लौकिक हीच त्याची सगळी मिळकत असते. विषमता जास्त तिथे खून जास्त, हे पुढे अनेक देशांच्या आकड्यांत दिसलं.

संप्रेरकांबद्दल थोडक्यात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढलं म्हणून माणूस भांडतो, हे अर्धवट आहे. प्रतिष्ठेला आव्हान मिळालं की ते वाढतं आणि पत राखण्यासाठी जे करावं लागेल त्याला बळ देतं. पत मारामारीनं राखली जाते की दानशूरपणानं, हे भोवतालचा समाज ठरवतो. फिलिपिन्समधल्या सेबू इथे सहाशेहून जास्त तरुणांची पाहणी झाली. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन चांगलंच उतरलं होतं, आणि बाळाची उस्तवार स्वतः करणाऱ्यांचं सगळ्यात कमी. लग्न झालं की पोरगा सुधारेल, या आपल्याकडच्या उपायाला यातून आधार शोधू नका; मधल्यामध्ये एका मुलीचं काय होतं ते आपण जाणतो.

मेंदूत भीती आणि धोका ओळखणारा बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो, आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग असतो, जो पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. तिथे इजा झाली, किंवा लहानपणी शरीरात शिसं गेलं, तर आवर ढिला पडतो. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली हद्दपार झालं. जुन्या रंगांत आणि बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्यांभोवती ते अजून आहे.

शेवटी मॉरिशस. या बेटावर बहुसंख्य लोक भारतीय वंशाचे, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून गेलेल्या मराठी मंडळींची वस्तीही जुनी. तिथल्या दोन गावांतल्या तीन वर्षांच्या १७९५ मुलांचा अभ्यास १९७२ मध्ये सुरू झाला. अप्रिय आवाजाच्या आधी ठरावीक सूर वाजवायचा, आणि पुढे नुसता सूर ऐकून मुलाच्या तळहाताला घाम फुटतो का ते यंत्रानं मोजायचं. ज्यांना तिसऱ्या वर्षी असा घाम फुटत नव्हता, म्हणजे परिणामाची भीती शिकता येत नव्हती, त्यांच्यात वीस वर्षांनी गुन्हा नोंदवला जाण्याचं प्रमाण जास्त निघालं. झालं, 'कोण?' याचं उत्तर तळहातावर सापडलं, असं वाटण्याचा हा क्षण. पण संशोधकांनी त्याच वेळी दुसरंही काही केलं होतं. शंभर मुलांना तीन ते पाच या वयात खास बालवाडीत घातलं. रोज दूध, फळांचा रस, मासळी किंवा मटणाचं गरम जेवण, भरपूर खेळ, आणि शिकवायला प्रशिक्षित बाई. बाकीच्यांना गावातली नेहमीची शाळा.

अकराव्या वर्षी या शंभर मुलांच्या मेंदूच्या लहरी जास्त सजग दिसल्या. तेविसाव्या वर्षी त्यांनी स्वतः कबूल केलेले गुन्हे इतरांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होते. न्यायालयाच्या नोंदींतला फरकही त्याच दिशेचा होता, पण छातीठोक सांगावं इतका पक्का नव्हता. वर्तन सुधारण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फायदा झाला तो तिसऱ्या वर्षी कुपोषित असलेल्यांना. यातलं नेमकं लागू काय पडलं, मासळी, खेळ की बाई, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही, कारण मुलांना तिन्ही गोष्टी एकदमच मिळाल्या होत्या.